मॉरोविंड आज खेळण्यासारखा आहे का? तलवार लागत नाही, रस्ता सापडत नाही

तुम्ही विचारलंय की स्कायरिम हा गेम दोनदा संपवून हौसेनं त्याच मालिकेतला जुना मॉरोविंड घेतला, पण तलवार समोरच्याच्या अंगावर बसताना दिसते तरी लागत नाही, नकाशावर बाण नाही, मग पुढं खेळू की सोडून देऊ?

खेळा. फक्त आत्ताचं पात्र सोडा आणि नवीन बनवा. पैज लावतो, क्लास म्हणजे पात्राचा पेशा निवडताना तुम्ही लाँग ब्लेड, म्हणजे लांब तलवारीचं कौशल्य घेतलंय आणि हाणताय मात्र सुरुवातीच्या त्या सरकारी ऑफिसात टेबलावर पडलेल्या खंजिरानं. खंजीर शॉर्ट ब्लेडमध्ये मोडतो. 2002 चा हा गेम वरून मारामारीचा दिसत असला तरी आतून निव्वळ फाशांचा आहे. वार लागला की नाही हे तुमचा माउस ठरवत नाही, हिशोब ठरवतो.

तो हिशोब एकदा समजून घ्या, म्हणजे चिडचिड थांबेल. त्या हत्याराचं कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा. या बेरजेला दमानं गुणायचं. दम म्हणजे खालची हिरवी पट्टी: भरलेली असेल तर सव्वापट, रिकामी असेल तर पाऊणपट. न निवडलेलं कौशल्य 5 पासून सुरू होतं. चपळाई आणि नशीब दोन्ही 40 धरा, म्हणजे 5 + 8 + 4 = 17. त्यात तुम्ही गावभर पळत, धापा टाकत खेकड्यासमोर उभे राहिलात तर शंभरात जेमतेम तेरा वार लागणार, आणि त्यातूनही समोरच्याचं अंग चोरणं वजा. तेच हत्यार मेजर स्किलमध्ये, म्हणजे पात्राच्या मुख्य कौशल्यांत घेतलं असतं तर सुरुवात 30 पासून. बेरीज 42, दम भरलेला असेल तर बावन्नच्या पुढं. कुठं तेरा आणि कुठं बावन्न! म्हणून भांडणाला पळत जाऊ नका, चालत जावा.

प्रत्येक वार लागेल असे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल, मिळतात. मी घालत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. वीस तासांनी हात बसतो आणि ज्यानं सुरुवातीला रडवलं होतं त्याला तुम्ही दोन वारांत झोपवता, ती मजाच मग जाते.

आता रस्त्याचं. माझं सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरपोच कामाला पूर्व भागात गेलं की यंत्रमागांच्या गल्ल्यांत मॅप बघून उपयोग नसतो. फोनवर मालक सांगतो, "अशोक चौकातनं आत या, देऊळ लागलं की डावीकडं, मागाचा आवाज येईल तिथंच." आवाज तर प्रत्येक घरातनं येत असतो! गेम जिथं घडतो त्या व्हार्डनफेल बेटावरची माणसं अशाच थाटात पत्ता सांगतात, आणि तो पत्ता कान देऊन ऐकणं हाच अर्धा गेम आहे.

पहिलं मोठं काम घ्या. बालमोरा गावात फायटर्स गिल्ड या लढवय्यांच्या संघटनेतला हासफात तुम्हाला आर्कंगथँडच्या अवशेषांत पाठवतो, ड्वेमर या नाहीशा झालेल्या लोकांची एक कोड्याची पेटी आणायला. गावाबाहेर पडून पूल ओलांडायचा, मूनमॉथचा किल्ला मागं टाकायचा, मग दरीवरचा जुना ड्वेमर पूल शोधायचा. पोचल्यावर दार ढकलून उघडतच नाही, जवळच्या पाइपावरचा दांडा फिरवावा लागतो. आणि आत ती पेटी एका फळीवर अशी ठेवलीय की तिच्यासमोरून दहा वेळा जाल तरी दिसणार नाही, कारण पेटी म्हटल्यावर आपण पेटारा शोधत असतो आणि ती असते मुठीत मावेल एवढा ठोकळा. पिढ्यान्‌पिढ्या खेळणारे इथं अडकलेत, तुम्हीही अडका.

त्याआधी मात्र गेम सुरू होतो त्या सेडा नीन गावातच एक रात्र काढा. खानावळीच्या वरच्या मजल्यावर ह्रिस्कार नावाचा एक शिपाई बसलेला असतो. फारगॉथ नावाचा बुटका आपले पैसे कुठं लपवतो ते बघून ये, असं तो सांगतो. दीपस्तंभावर चढायचं आणि अंधारात थांबायचं. थोड्या वेळानं फारगॉथ हातात मशाल घेऊन इकडं तिकडं बघत निघतो, डबक्यात उतरतो, एका झाडाच्या बुंध्याशी घुटमळतो आणि परत जातो. बाण नाही, चमकणारी खूण नाही. तुम्ही बघितलं, एवढंच. हे आवडलं तर गेम तुमचा. नाही आवडलं तर खुशाल सोडा, वेळ वाचेल.

प्रवासाला नकाशावर क्लिक करून उडी मारता येत नाही, पण सोय अगदी एसटीच्या वरताण आहे. सिल्ट स्ट्रायडर नावाचे अवाढव्य किडे ठरलेल्या गावांमध्ये ये-जा करतात, किनाऱ्याला होड्या, आणि मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघटनेच्या एका शाखेतून दुसरीत थोड्या पैशात क्षणात. मार्क आणि रिकॉल हे दोन मंत्र लवकर विकत घ्या: एकानं जागा नेमायची, दुसऱ्यानं कुठूनही तिथं परतायचं. थोड्या दिवसांत कुठली गाडी कुठं बदलायची हे पाठ होतं.

लेव्हलचं थोडक्यात: वापराल ते कौशल्य वाढतं, मेजर आणि मायनर (दुय्यम) कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्या की झोप घ्यायची. आकडेमोडीच्या नादाला लागू नका.

स्कायरिममध्ये जी मोकळीक नाही ती इथं आहे. तरंगायचा मंत्र आहे. स्वतःचे मंत्र जोडून बनवता येतात. कथेतला महत्त्वाचा माणूस मारला तर गेम अडवत नाही. भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा नाहीतर या बुडालेल्या जगात राहा, अशा अर्थाची पाटी दाखवतो आणि गप्प बसतो. आणि तरीही शेवटापर्यंत जायची एक आडवाट ठेवलीय. ती सांगत नाही.

वैताग आहेतच. क्लिफ रेसर हे उडते प्राणी मेल्याशिवाय पाठ सोडत नाहीत, आणि सगळी कामं एकाच वहीत तारखेनं लिहिलेली असल्यानं जुनं सापडत नाही. ट्रिब्युनल हा जोडभाग असेल तर वहीत कामावार यादी मिळते, म्हणून तो असलेलीच आवृत्ती घ्या.

चालवायला ओपनएमडब्ल्यू वापरा. ते गेम चालवणारं फुकट इंजिन आहे, फक्त गेमच्या मूळ फाइल्स तुमच्याकडं हव्यात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या पीसीवर दुकानात आरामात चालतं, एप्रिलच्या उन्हातसुद्धा मशीन तापत नाही. यूपीएस नसेल तर सेव्ह करत राहा, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

एक शेवटचं. सेडा नीनहून बालमोराकडं पायी निघालात तर वाटेत ओरडत ओरडत एक जादूगार आभाळातून पडून मरेल. त्याच्या अंगावर उंच उडीच्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या सापडतील. एक वाचून उडी मारली की सात सेकंदांसाठी तुमचं कसरतीचं (उडी मारायचं) कौशल्य 1000 नं वाढतं, आणि उतरताना ती वाढ संपलेली असते, म्हणूनच तो मेला. आधी सेव्ह करा, आणि जमीन जवळ आली की दुसरी गुंडाळी वाचा.