लिव्हर कॅन्सर आणि जीन बंद करणारं इंजेक्शन: तुमचे प्रश्न

'एका इंजेक्शनने लिव्हर कॅन्सरचं जीन बंद', हा फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय आणि त्यावरून रोज तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच उत्तरं देते.

यात आपला डीएनए बदलतात का?

नाही.

मग नक्की करतात काय?

जीनवरून प्रोटीन बनायच्या आधी त्याची एक कॉपी निघते, मेसेंजर आरएनए. साधारण 21-23 अक्षरांचा आरएनएचा तुकडा पेशीत सोडला की पेशीचीच यंत्रणा त्याला जुळणारी कॉपी शोधून कापून टाकते, मग ते प्रोटीन बनत नाही. फायर आणि मेलो यांनी 1998 मध्ये हे दाखवलं, 2006 चं नोबेल त्यालाच. ज्या प्रोटीनवर कॅन्सरची पेशी वाढते तेच बनू द्यायचं नाही, अशी कल्पना. लॅबमध्ये आणि उंदरांमध्ये याने वाढ मंदावते, हे खरं आहे.

कोलेस्टेरॉलसाठी असंच इंजेक्शन आलंय, मग कॅन्सरसाठी का नाही?

इन्क्लिसिरान म्हणताय तुम्ही. त्याला गॅलनॅक नावाची साखर जोडलेली असते, ती पकडणारे रिसेप्टर लिव्हरच्या चांगल्या पेशींवर भरपूर असतात म्हणून औषध आत जातं. कॅन्सरची पेशी जितकी बिघडलेली तितके हे रिसेप्टर कमी. शिवाय कोलेस्टेरॉलमध्ये बऱ्याचशा पेशींपर्यंत औषध पोचलं तरी काम होतं, कॅन्सरमध्ये ज्या पेशी सुटल्या त्याच परत वाढतात. प्रयत्न झालेत. पीएलके1 हे जीन बंद करणारं औषध लिव्हर कॅन्सरच्या पेशंटना देऊन पाहिलं, गाठींवर पुरेसा परिणाम दिसला नाही. एमआरएक्स34 या दुसऱ्या एका आरएनए औषधाची ट्रायल इम्यून सिस्टीमच्या गंभीर रिअॅक्शन आल्यामुळे 2016 मध्ये थांबवावी लागली.

एक सेंटर 'जीन सायलेन्सिंग पॅकेज' देतंय, अर्धे पैसे आधी मागतायत. भरू का?

एक रुपयाही भरू नका. लिव्हर कॅन्सरसाठी असं मंजूर औषधच नाहीये, तर पॅकेज कसलं? खरी ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय नंबर (भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) मागा, त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा आणि तो कागद आपल्या ऑन्कोलॉजिस्टना दाखवा. ट्रायलचं औषध पेशंटला विकत नसतात.

वडिलांना हिपॅटायटिस बी आहे, आता 2.5 सेंमीची एकच गाठ निघालीय. नवीन औषध येईपर्यंत गुळवेलीचा काढा देत थांबलो तर?

अजिबात थांबू नका, याच आठवड्यात लिव्हरचं काम करणाऱ्या टीमला भेटा. एकच, छोटी गाठ म्हणजे अजून हातात बरंच काही आहे, लिव्हर साथ देत असेल तर ऑपरेशन, नाहीतर सुई घालून गाठ जाळणं, ट्रान्सप्लांटसुद्धा, यातलं काय ते स्कॅन आणि रक्ताचे रिपोर्ट बघूनच ठरेल. हीच गाठ पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत, शिरली की हे रस्ते बहुतेक बंद होतात. आणि काढा आजच थांबवा, गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनीच 2021 मध्ये छापल्यात. मला खरी काळजी वाटते ती तपासण्या सुटण्याची. पेशंटची फाइल उघडली की सगळ्यात खाली एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी) पॉझिटिव्हचा पिवळा पडलेला कागद असतो, त्यावर पेनाने 'फॉलोअप' लिहिलेलं, आणि त्याच्यावर थेट कालचा सीटी स्कॅन, मधली सगळी वर्षं कोरी, कारण 'काही त्रासच नव्हता'. अहो, लिव्हर त्रास देत नाही तेव्हाच तर बघायचं असतं! सिऱ्हॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) असेल त्यांनी, आणि हिपॅटायटिस बी च्या ज्या पेशंटना डॉक्टरांनी सांगितलंय त्यांनी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची टेस्ट करायचीच. तुम्ही भावंडं, आई, सगळ्यांनी टेस्ट करा, निगेटिव्ह असाल तर लस घ्या. 2018 मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, सिव्हिलमध्ये चौकशी करा.

व्हायरल लोड शून्य आला, हिपॅटायटिस बी ची गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. आजार उसळू शकतो, डॉक्टरांना विचारा.

आईला शुगर आणि फॅटी लिव्हर आहे, तिलाही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल?

आधी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या, पुढचं तो रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टर सांगतील.