दिवाळीचा कंदील उतरला की घर अंधारून येतं, काय करू?

मी समुपदेशक आहे, आणि दिवाळी संपून आठ-दहा दिवस झाले की मला दरवर्षी साधारण सारखेच फोन यायला लागतात. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं, काही करावंसं वाटत नाही, सगळं भकास वाटतं. आणि सांगणाऱ्याला वर लाजही वाटत असते, की सोलापुरात राहून अंधाराची कसली तक्रार, इथे तर बारा महिने ऊन. म्हणून ही एक केस सांगते. काकूंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू आमच्या जुळे सोलापूर भागातल्या, साठीच्या आतबाहेर, तळमजल्याचं घर, काका रिटायर, मुलगा पुण्याला. नोव्हेंबरच्या शेवटी आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, सहा वाजलं की जीव घाबरा होतोय बगा, लाईट लावलं तरी अंधारच वाटतंय, पोरानं रंगीत माळा पाठवल्या ऑनलाईन, एक दिवस लावल्या, दुसऱ्या दिवशी काढून ठेवल्या, उगं लग्नघरासारखं दिसतंय आणि घरात माणसं दोन."

पहिल्यांदा मी झोप, भूक, वजन, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सगळं विचारलं. हे विचारल्याशिवाय मी घराबद्दल, पडद्याबद्दल एक शब्द बोलत नाही. उदासी दोन आठवड्यांच्या वर रोज दिवसभर असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तिथे दिवे आणि चादरी पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं, आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६. काकूंचं तसं नव्हतं, दिवसा त्या ठीक असायच्या, जेवण-झोप बरी होती. तरी थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी एकदा फॅमिली डॉक्टरांना विचारून तपासून घ्या असं सांगितलं, कारण थकवा शरीराचा असतो आणि आपण तो मनाच्या खात्यावर टाकतो, असं बऱ्याचदा होतं.

हिवाळ्यात येणारं डिप्रेशन ही खरी गोष्ट आहे. अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर बसायचा उपाय वापरतात. पण ते मुख्यतः लांब उत्तरेकडच्या देशांचं दुखणं, तिकडे डिसेंबरात दुपारीच अंधारतं. आपल्याकडे सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, त्यामुळे ते लेबल मी काकूंना लावलं नाही. पण एक आहे, नोव्हेंबरच्या शेवटी सोलापुरात सूर्य सहाला दहा मिनिटं कमी असतानाच मावळतो, जूनमध्ये तो सात वाजून गेल्यावर जातो, आणि त्याच सुमाराला आपण कंदील आणि पणत्या उतरवून माळ्यावर टाकतो. म्हणजे उजेड दोन्हीकडून एकदमच जातो.

मग मी काकूंना म्हटलं, काकू मला घराचे फोटो दाखवा, दुपारी बाराचे, लाईट बंद करून. त्यांनी पुढच्या वेळी आणले आणि मला कारण दिसलं. गॅलरीला हिरवं शेडनेट, समोरच्या खिडकीच्या काचेला काळी फिल्म, त्यावर जाड पडदा, आणि दक्षिणेच्या खिडकीसमोर चक्क लोखंडी कपाट. आपल्या सोलापुरातली बहुतेक घरं मला अशीच दिसतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो, तेव्हा ऊन अडवलं नाही तर जगणं अवघड, म्हणून आपण जे मिळेल ते लावून घर बंद करतो, आणि ते बरोबरच आहे, पण पाऊस येतो, दसरा येतो, थंडी पडते, तरी काढत कोणी नाही. उन्हाळ्याचं घर थंडीत तसंच राहतं.

शेडनेट आणि पडद्याचं काम एका रविवारी झालं. फिल्म निघेना, तर काकांनी ब्लेडने खरवडली. कपाटाचं मात्र अवघड होतं. चार वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलं होतं की दक्षिण यमाची दिशा, खिडकी उघडी नको. आता मी समुपदेशक, मी कुणाच्या श्रद्धेशी वाद घालत नाही, वाद घातला की माणूस दार लावून घेतो. मी एवढंच सांगितलं की थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो डोक्यावर येत नाही, अर्ध्यावरच राहतो, म्हणून जे ऊन घरात खोलवर येतं ते त्याच खिडकीतून येतं. आणि विचारलं, की कपाट नव्हतं तेव्हा तिथे काय होतं?

काका त्या दिवशी पहिल्यांदा सोबत आले होते, तोपर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "आई बसायची की तिथं. ज्वारी निवडत. थंडीत सगळी दुपार तिथंच." आणि मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

सासूबाई आषाढात गेल्या होत्या. हे काकूंनी पहिल्या भेटीत एका वाक्यात सांगितलं होतं, वय झालेलं, सुटल्या बिचाऱ्या, असं, आणि मीही ते तेवढ्यावरच सोडलं होतं. तिथे मी चुकले. शेवटची सहा वर्षं त्या अंथरुणाला होत्या आणि संध्याकाळी सहा ही त्यांची वेळ होती, दूध, गोळ्या, पाठीला तेल, मग देवापाशी दिवा लावून त्यांच्यासमोर आरतीचं ताट धरायचं. सहा वर्षं रोज सहा वाजता काकूंची धावपळ असायची आणि आता सहा वाजता कोणीच हाक मारत नव्हतं. त्यांनी दिवा लावणंसुद्धा सोडलं होतं, "कुणाला दाखवू?" म्हणाल्या.

मग आम्ही पुढचे दोन सेशन फक्त सासूबाईंवर बोललो. त्यात राग होता, दमणूक होती, आणि त्या गेल्यावर थोडं हायसं वाटलं याचा फार मोठा अपराधीपणा होता. इतकी वर्षं सेवा केलेल्या बायकांमध्ये हा अपराधीपणा मी सतत बघते आणि प्रत्येकीला वाटतं आपणच तेवढ्या वाईट. हायसं वाटणं आणि आठवण येणं दोन्ही एकदम असू शकतं, काकू, असं मी त्यांना म्हटलं, त्या खूप रडल्या.

कपाट सरकवलं त्याच आठवड्यात. खिडकीपाशी एक पाट आणि सतरंजी. ऊन पडतंय म्हणून तिथे बसा हे आहेच, पण बाहेरचा मोकळा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून सकाळी साडेआठच्या सुमाराला दोघांनी गच्चीत अर्धा तास फिरायचं असं ठरलं. घरात ट्यूबखाली जेमतेम शे-दोनशे लक्स उजेड असतो, आणि तिकडे परदेशात ज्या उजेडासाठी मशीन विकत घेतात तो आपल्या गच्चीवर फुकट पडलेला असतो.

संध्याकाळचं वेगळं. घरात होते ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरेफट्ट दिवे, एकच छताला, त्याने भिंती दवाखान्यासारख्या दिसतात आणि कोपरे काळेच राहतात. मी म्हटलं, सगळं घर उजळायचा नाद सोडा, एकच कोपरा करा, खाली, बसल्यावर खांद्याच्या उंचीला येईल असा दिवा ठेवा, पिवळा, २७०० केल्विन असं खोक्यावर लिहिलेलं असतं. काका लगेच लाईटबिलावर आले, ते दिवसभर काकूंच्या मागे बटणं बंद करत फिरायचे हे मला नंतर कळलं. मग तिथेच हिशोब केला, ९ वॅटचा बल्ब रोज चार तास, महिन्याला साधारण एक युनिट. काकांनी स्वतः दोनदा गुणाकार केला आणि मग ते स्वतःच दिवा आणायला गेले.

अजून एक सांगते, हे खास आपल्या गावाचं. मी विचारलं तिथे अंगावर घ्यायला काय आहे, तर विरलेली, कडा सुटलेली चादर. आणि ट्रंकेत? ट्रंकेत नव्याकोऱ्या सात सोलापुरी चादरी, पाहुण्यांना द्यायला! जगाला ऊब देणारं गाव आणि स्वतः फाटकं पांघरून बसतं, मला खरंच वाईट वाटतं याचं. एक लाल काढायला लावली, घडी मोडायला त्यांना तीन दिवस लागले.

आणि सहाला काय करायचं, तर मी काही सुचवलं नाही, काकूंनीच शोधलं. मुलाला पुण्याला शेंगाचटणी पाठवायची होती, तर दिवा लावून झाला की दोघं त्या कोपऱ्यात चादर घेऊन बसतात आणि शेंगा फोडतात. आधी काका टीव्ही लावून आत बसायचे. आता फोडता फोडता आईच्या गोष्टी निघतात, कधी भांडणंही निघतात, काकू म्हणाल्या, पण घरात आवाज असतो.

सहा वाजता कसं वाटतं याला दहापैकी आकडा द्या असं मी पहिल्यापासून सांगितलं होतं. सुरुवातीला दोन-तीन, संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास सहा-सात. भोगीच्या दिवशी मात्र परत दोन, कारण भोगीची भाजी सासूबाईंच्या हातची, ते होणारच होतं, आणि काकूंनी त्या दिवशी फोन करून ते सांगितलं, लपवलं नाही.

शेवटच्या भेटीत त्या नव्या वर्षाचं कॅलेंडर पिशवीतून घेऊन आल्या होत्या. मार्चच्या पानावर लिहिलं होतं, "नेट लावणे". आणि दिवाळीच्या पानावर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, काकांच्या अक्षरात, "नेट काढणे. कंदील राहू देणे."