पटकीची साथ आणि दवाखान्याची वाट

प्रश्न : आमची वस्ती दवाखान्यापासून तीन तासांवर आहे आणि पटकीची (कॉलऱ्याची) साथ सुरू झाली आहे. घरी ओआरएस (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) पाजत बसलो तर उशीर होईल, तसंच नेलं तर वाटेत काही होईल, अशी धास्ती वाटते. आधी काय करायचं?

उत्तर : दोन्ही एकदम. एकाने गाडी बोलवायची, तेवढ्यात दुसऱ्याने पाणी कालवायचं. पटकी जोराची असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. म्हणून तीन तासांची वाट म्हणजे सोबत निदान तीन लिटर ओआरएस, असा हिशेब धरा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर त्याचं पाणी वेगळं.

पाकीट फोडण्याआधी ते किती पाण्याचं आहे ते वाचा. मोठं पाकीट सहसा लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं की ते औषध राहत नाही. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात, जास्त मीठ लहान मुलांना घातक ठरतं. पाकीटच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्यायचा आणि सुरीची पाठ फिरवून सपाट करायचा, शीग लावायची नाही. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या.

उलटी झाली की घरचे पाजणं थांबवतात, तिथेच घात होतो. दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. गाडीत सीटवर प्लास्टिक अंथरा, झाकणाची बादली ठेवा, म्हणजे चालकही कुरकुर न करता पुढच्या फेरीला येईल. रोगी शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर मात्र तोंडाने काही घालू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

प्रश्न : पाजून भागेल की सलाईनच लागेल, हे आम्ही स्वयंसेवकांनी कसं ओळखायचं? लोकांना तर सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटतच नाही.

उत्तर : चार गोष्टी पाहा : शुद्ध, डोळे, तहान आणि कातडी. रोगी चिडचिडा किंवा बेचैन आहे, डोळे खोल गेलेत, पाणी अधाशासारखं पितो, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते. यातल्या दोन खुणा दिसल्या तर पाजून भागतं. त्याला पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिली ओआरएस द्यायचं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला पावणेचार लिटर. पुढे दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते नऊ वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली आणि त्यावरच्यांना हवं तेवढं.

रोगी गळून पडलाय, हाक मारली तर धड ओ देत नाही, पिता येत नाही, नाडी लागत नाही, चिमटीतली कातडी दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहते. असं असेल तर सलाईन, आणि तेही ताबडतोब. कुपोषित मुलात किंवा अगदी कृश म्हाताऱ्या माणसात कातडीची खूण फसवते. तिथे नाडी आणि शुद्ध यांवर भर द्या. कुपोषित मुलाला शिरेतून भराभर पाणी भरणंही धोक्याचं असतं, त्याला तातडीने डॉक्टरांकडे पोचवा.

सलाईन म्हणजे कोणतीही बाटली नव्हे. रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचं क्षारांचं द्रावण, हवं. ते नसेल तर साधं नॉर्मल सलाईन चालवून घेता येतं. नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीत मीठच नसतं, तिने गेलेलं भरून निघत नाही. वेगाचीही तीच गत. एक वर्षावरच्या रोग्याला पहिल्या अर्ध्या तासात किलोमागे ३० मिली आणि पुढच्या अडीच तासांत ७० मिली. ६० किलोच्या माणसाचा हिशेब सहा लिटर झाला, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या, तीन तासांत! थेंब-थेंब टिपकणारी एकच बाटली पाहून घरच्यांनी निश्चिंत होऊ नये, नर्सला विचारावं. एका वर्षाखालच्या बाळाला हेच प्रमाण सावकाश, ३० मिली एका तासात आणि ७० मिली पाच तासांत. रोगी घोट घेऊ लागला की सलाईन चालू असतानाच ओआरएसही सुरू करायचं.

‘नुसतं पाणी पाजलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना १९७१ सालची गोष्ट सांगा. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून ओआरएस वाटलं आणि नातेवाइकांच्याच हातून पाजवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं.

प्रश्न : एका केंद्रावर ‘शौचाचा रिपोर्ट आणा, मग बघू’ असं सांगून परत पाठवलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही. तपासणी लागते ती साथ पटकीचीच आहे हे ठरवायला, आणि त्यासाठी सुरुवातीचे थोडे नमुने पुरतात. उपचार लक्षणांवर सुरू होतात. रिपोर्ट हातात येईपर्यंत जोराच्या पटकीत माणूस राहत नाही. उपचाराविना अशा रोग्यांतले निम्मे दगावू शकतात, वेळेवर पाणी मिळालं तर शंभरात एकही जाऊ नये. पैशांचंही तसंच. साथीत आधी अनामत भरा म्हटलं की लोक सकाळी यायचे ते रात्री येतात, तेही उचलून आणलेले.

जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मागू नका, त्या पटकीत द्यायच्या नसतात. प्रतिजैविक डॉक्टर ठरवतील. मोठ्यांना बहुधा डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस असतो. सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम झिंक दहा दिवस मिळतंय ना, ते मात्र आठवणीने पाहा.

प्रश्न : वस्तीतल्या शाळेत ओआरएस पाजण्याचं केंद्र काढायचं आहे. काय लागेल?

उत्तर : सामान थोडं, शिस्त जास्त. लिटरची खूण केलेले जग, पेले, चमचे, पाकिटं, सावलीतले बाक, वेगळं शौचालय किंवा झाकणाच्या बादल्या आणि नोंदवही. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालून अर्धा तास थांबा, त्यानंतरही लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवं.

५ टक्क्यांचं क्लोरीनचं द्रावण मिळत असेल तर हात धुण्यासाठी एक भाग द्रावणात ९९ भाग पाणी, फरशी-भांड्यांसाठी एकास २४ आणि मळ-उलटीवर टाकण्यासाठी दोन भागांत तीन भाग पाणी. तिन्ही पिंपं वेगळ्या रंगांची ठेवा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा. बिननावाच्या पिंपातलं कोणीतरी पितंच. द्रावण रोज नवं करा आणि उन्हात ठेवू नका, क्लोरीन उडून जातो.

बहुतेक केंद्रं चुकतात ती वेळेत : संध्याकाळी कुलूप. पटकी रात्री दोन वाजताही सुरू होते. रात्रपाळीला दोघं, चालू असलेला एक फोन आणि आधीच बोलून ठेवलेली गाडी, एवढं जमत नसेल तर निदान अंधार पडायच्या आत घरोघर दोन-दोन पाकिटं पोचवा.

प्रश्न : आता लस घेऊन उपयोग आहे का?

उत्तर : आहे, पण आजारी पडलेल्याला नाही. तोंडाने घ्यायच्या या लसीचे दोन डोस असतात, मध्ये किमान दोन आठवडे. तुटवड्यामुळे ऑक्टोबर २०२२ पासून साथीच्या मोहिमांत एकच डोस दिला जाऊ लागला. त्याने निदान सहा महिने बरंच संरक्षण मिळतं. ते तयार व्हायला काही दिवस लागतात, तोवर पाणी आणि हात सांभाळा.