सोसायटीतच फराळ विकायचा असला तरी रजिस्ट्रेशन लागतं

ताई, तुम्ही विचारलंय की फक्त सोसायटीतल्या लोकांना चकली, लाडू आणि पुरणपोळ्या देणार, दुकान नाही की काही नाही, तरी लायसन्स लागतं का. लागतं. पैसे घेऊन खायचं विकलं की 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तो धंदाच झाला, मग गिऱ्हाईक शेजारच्या काकू का असेनात. पण घाबरू नका, छोट्या कामाला मोठं लायसन्स नाही, नुसतं रजिस्ट्रेशन पुरतं, आणि ते एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, फॉसकॉस पोर्टलवर घरबसल्या होतं. मी 2021 ला केलं तेव्हा 12 लाखांपर्यंत उलाढालीला हे चालायचं आणि फी वर्षाला 100 रुपये, आजचे आकडे पोर्टलवर बघून घ्या. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, झालं. एवढ्यासाठी एजंट हजारांत पैसे मागतात, कृपा करून देऊ नका. आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे हं, एकूण विक्री, इथे खूप जणींची गफलत होते.

14 आकडी नंबर मिळेल तो पाकिटावर हवा आणि 2022 पासून बिलावर पण.

गॅसचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते, घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, 19 किलोचा कमर्शियल घ्या नाहीतर इंडक्शनवर करा.

आता लेबल. माझ्या मते खरं काम इथेच आहे आणि लोक इथेच टाळाटाळ करतात. पदार्थाचं नाव, घटक जास्तीकडून कमीकडे, वजन, एमआरपी, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, आणि शेंगदाणे, काजू, गहू, दूध असलं काही असेल तर ते वेगळं ठळक लिहायचं. चिवड्यात शेंगदाणे असणारच, हे कोणाला सांगायला हवं, असं मला आधी वाटायचं, पण ज्या घरात लहान मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांना ती एक ओळ फार महत्त्वाची असते. वनस्पती तूप वापरलं तर साजूक तूप लिहायचं नाही, एवढं तरी प्रामाणिक राहूया.

तारखेचं मी चुकलेय. एका गणपतीत घाई होती म्हणून पोळ्या पुरत्या गार व्हायच्या आधी पाकिटं सील केली आणि अंदाजाने सात दिवस लिहून टाकलं, तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन, पोळीला बुरशी. रात्रभर झोप नाही. पण वहीत बॅचप्रमाणे नावं होती म्हणून त्या अकरा घरांना तासाभरात फोन करून पाकिटं परत घेता आली, वही नसती तर सगळ्या गणपतीच्या ऑर्डरी मागे बोलवाव्या लागल्या असत्या. तेव्हापासून नवा पदार्थ विकायच्या आधी दोन पाकिटं फडताळात ठेवून रोज बघते आणि पावसाळ्यात परत बघते, कारण मे महिन्यात टिकलेली पोळी ऑगस्टमध्ये टिकतेच असं नाही.

परदेशात विकायचं असेल तर मात्र एफएसएसएआयचं सेंट्रल लायसन्स आणि आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, लागतो, ते पुढचं पुढे. आधी रजिस्ट्रेशन करा आणि लेबल छापायच्या आधी मजकूर मला दाखवा, मी नीट बघून सांगते.