हिवाळाभर गाडी उभी राहणार असेल तर काय करून ठेवायचं

तुम्ही लिहिलंय की गाडी नोव्हेंबर ते मार्च शेडमध्ये उभी राहणार, बाहेर तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, आणि शेजारी दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवायला तयार आहेत, तर तेवढं पुरे का. आधी त्याचंच सांगतो, शेजाऱ्यांना म्हणावं तसदी नको. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफ म्हणून, आणि गाडी नीट तापली असेल तर ती वाफ निघून जाते. कडाक्याच्या थंडीत दहा मिनिटं जागेवर चालवून ना ऑइल तापत ना सायलेन्सर, मग ते पाणी आतच राहतं, सायलेन्सर आतून गंजतो, थोडं ऑइलमध्ये उतरतं, वर स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला चार्जसुद्धा धड भरून निघत नाही. रस्त्यावर नेऊन अर्धा तास फिरवणार असतील तर ठीक, नाहीतर हातच लावू नका.

त्यापेक्षा ठेवण्याआधी एक दिवस द्या. गाडी धुवा, आणि खालून जास्त धुवा, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत असतील तर चाकांच्या आतल्या कमानीत ते चिखलासकट बसलेलं असतं आणि चार महिने पत्रा खात राहतं. धुतल्यावर लगेच ठेवू नका, एक चक्कर मारून या म्हणजे ब्रेक वाळतील. त्याच फेरीत टाकी फुल करा, रिकाम्या जागेत ओल धरते म्हणून, आणि फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य, पंपावरच टाका म्हणजे येईपर्यंत इंजेक्टरपर्यंत पोचेल. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं, त्यामुळे हे टाळू नकाच. इंजिन ऑइल पण ठेवायच्या आधी बदलायचं, नंतर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये ॲसिड आणि ओल असते, ती महिनोन्महिने बेअरिंगवर कशाला बसवून ठेवायची.

कूलंट तपासून घ्याच. कुणीतरी उन्हाळ्यात साधं पाणी टॉपअप केलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, इंजिनचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं न गोठू देणारं द्रव्य, आणि पाणी यांचं अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३७ च्या आसपासपर्यंत तग धरतं. वायपरच्या टाकीतपण थंडीचंच लिक्विड घाला.

आता बॅटरी, कारण मार्चमध्ये रडवते ती हीच. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर थोडं थोडं खातच असतात. ५० मिलिॲम्प धरलं तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-अवर, म्हणजे ४५ ची बॅटरी महिना-सव्वा महिन्यात आडवी. आणि पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे १० च्या आसपासच गोठून फुटते. शेडमध्ये प्लग असेल तर आपोआप चार्ज कमी-जास्त करणारा बॅटरी मेंटेनर लावून टाका. प्लग नसेल तर बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा, आधी निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, लावताना तेच शेवटी, आणि मधूनमधून मीटरने बघा, १२.४ व्होल्टच्या खाली आली की चार्ज करा. काढण्यापूर्वी डिक्की आणि दरवाजे किल्लीने उघडतात का ते बघून घ्या बरं का, काही गाड्यांत बॅटरीच डिक्कीत असते आणि डिक्की विजेवर उघडते, मग बसा बाहेर.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मॅन्युअल बघा, तो बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर आपोआप लागतो आणि बॅटरी काढल्यावर सुटत नाही. टायरात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. गाडी स्टँडवर उचलून ठेवायची गरज मला चार-पाच महिन्यांसाठी वाटत नाही.

उंदीर. लोक यावर हसतात, मग बॉनेट उघडतात. एका गाडीचा एअर फिल्टर काढला तर बॉक्समध्ये बॉनेटखालच्या अस्तराचा कापूस पिंजून गोल घरटं केलेलं होतं, वायरचे कुरतडलेले तुकडे पण त्यातच. सीटखालचे बिस्किटाचे चुरे साफ करा, सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत घेणाऱ्या पाइपात स्टील वूलचा बोळा घाला आणि काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, ही चिठ्ठी कंटाळा न करता बांधा. वरून ताडपत्री किंवा प्लास्टिक नको, खाली ओल कोंडते, हवा खेळणारं कव्हर घ्या.

मार्चमध्ये पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर खरखर येईल, डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, थोडं चालवलं की जातो. पण चाक अडकलं किंवा पेडल खाली बसत असेल तर गाडी तिथेच ठेवून मेकॅनिकला बोलवा.

पेट्रोल की डिझेल ते तुम्ही लिहिलं नाहीये, मी पेट्रोल धरून चाललोय. डिझेल असेल तर शेवटची टाकी हिवाळी डिझेलचीच भरा, साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर चोंदतो, आणि फिल्टरखाली साचलेलं पाणी आधी काढून टाका.