'सुमारास' लिहू नका, तारीख लिहा

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात वडिलांच्या वारसाने माझ्या नावावर 2 एकर जमीन आहे. नोकरीमुळे मी नाशिकरोडला राहिलो. 2004 पासून चुलतभाऊ ती कसतो. 'तू कस, घरचीच आहे' असं मीच म्हणालो होतो. विहिरीवरची मोटारीची खोली मात्र माझ्याकडे होती. किल्ली माझी, मीटर माझ्या नावावर. गेल्या महिन्यात त्याने माझं कुलूप तोडून स्वतःचं लावलं. म्हणतो, '12 वर्षं उलटली, जमीन माझी झाली.' कोर्टात मनाई अर्ज टाकू का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : भाऊ, आधी त्या 12 वर्षांचं. नुसतं कसत राहिल्याने ती मोजली जात नाहीत. तो तुमच्या परवानगीने शेतात आला. मालकी उघडपणे नाकारून ताबा कधीपासून ठेवला, तो दिवस त्याने सिद्ध करायचा आणि 12 वर्षं तिथून धरायची. तुमच्या पत्रावरून तो दिवस गेल्या महिन्यातला दिसतो. पण आता स्वस्थ बसलात तर घड्याळ त्याच्या बाजूने चालू लागेल.

खरी घाई खोलीची आहे. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली, कायदेशीर मार्ग सोडून ताबा काढून घेतला तर 6 महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. त्यात मालक कोण, हे कोर्ट बघतच नाही. कुलूप कोणाचं होतं आणि ते कधी तुटलं, एवढंच बघतं. विहिरीच्या पाण्याला अडथळा असेल तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदारांकडेही जाता येतं; मुदत तिथेही 6 महिनेच. दोन्हीकडे एकदम धावू नका, वकिलांबरोबर बसून ठरवा.

मनाईचं विचारलंत, म्हणून घरचं सांगते. वडिलांनी दिंडोरीकडच्या 6 गुंठ्यांसाठी दावा लावला तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दाव्याची नक्कल अजून माझ्या खणात आहे. चौथ्या परिच्छेदात त्यांच्या वकिलांनी लिहिलंय, 'मे महिन्याचे सुमारास प्रतिवादीने अडथळा केला.' अडथळा कसला? बांध नांगरून ताबाच गेला होता. तारीख नाही, आणि मागणी नुसती मनाईची. 11 वर्षांनी दावा फेटाळला गेला : वादीचा ताबाच नाही, तर मनाई कशाची? वडील सीबीएसच्या स्टँडवर निकालाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. गावाच्या दोन गाड्या त्यांनी सोडल्या. तेव्हापासून पक्षकाराच्या तोंडून 'सुमारास' आलं की मी पेन खाली ठेवते.

म्हणून, गेलेल्या खोलीचा ताबा परत मागा. जमीन तो कसतोय, तेव्हा तिच्यासाठीही मालकी जाहीर करून ताबा मिळावा असा स्वतंत्र दावा लागेल. त्यात निशाणी 5 चा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, पण तो 'निकालापर्यंत प्रतिवादीने जमीन विकू नये, कोणाला देऊ नये' असा. प्रथमदर्शनी केस, कोणाची गैरसोय जास्त आणि पैशाने न भरून येणारं नुकसान, या तीन गोष्टींवर कोर्ट तो तोलतं. सोबत शपथपत्र लागतं. मिळकतीच्या वर्णनात गट नंबर आणि चतुःसीमा चुकल्या, तर हातात आलेला हुकूमनामाही अंमलात आणताना अडतो.

सातबाऱ्यावर विसंबू नका. ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण तो मालकीचा दस्त नव्हे. वारसाचा फेरफार आणि वडिलांचं खरेदीखत काढा. पीकपाहणीत कोणाचं नाव लागलंय तेही बघा. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, त्याने कूळ असल्याचा मुद्दा घेतला, तर तो तहसीलदारांकडे पाठवला जातो आणि दावा तिथेच अडकून पडतो. त्यामुळे 'खंड', म्हणजे कुळाने जमिनीपोटी द्यायचा मोबदला, हा शब्द चुकूनही कुठल्या कागदावर लिहू नका.

मीटरची बिलं सापडतील तितकी गोळा करा. कुलूप तुटलेलं पहिल्यांदा कोणी पाहिलं, त्याला तारीख आणि वेळ विचारून आजच लिहून ठेवा. नव्या कुलपाचा फोटो काढा, मागे विहीर दिसेल असा.