गोव्यात शेजारचे कॅथलिक कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, एकदम गप्प का होतात? त्यांच्या मिरवणुकीला आम्ही गेलो तर चालेल का?

राग वगैरे कुणालाही आलेला नाही, आधी ते मनातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय की मडगावजवळ नव्याने राहायला आलात, कार्निव्हलच्या दिवसांत शेजाऱ्यांशी छान गट्टी जमली, आणि पुढच्याच आठवड्यात गृहप्रवेशाच्या जेवणाला बोलावलं तर एकजात सगळे म्हणाले, ‘पास्कानंतर येऊ.’ पास्का म्हणजे ईस्टर. अहो, तुम्ही वार निवडलात शुक्रवार, बेत केलात मटणाचा, आणि तेही कोरेज्मात! एखाद्या वारकऱ्याला आषाढी एकादशीला कोंबडी खायला बोलावण्यातला हा प्रकार. बिचाऱ्यांनी भिडेपोटी तोंडावर नाही म्हटलं नाही, एवढंच. जेवण रद्द करू नका, ईस्टरनंतर ठेवा. पण तारीख आजच सांगून ठेवा, कारण कोरेज्मात इथे कुणी लग्नं काढत नाही आणि ईस्टर झाला की नुसती झुंबड उडते. नंतर विचारलंत तर एकेका घराला एकाच दिवशी दोन-दोन लग्नं असतील.

मी मूळची वसईची, कॅथलिक, लग्न होऊन साष्टीत, म्हणजे तुमच्याच मडगावच्या तालुक्यात, आले. माहेरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत, गायनं मराठीत. इथे सगळं कोंकणीत, आणि प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे सुरुवातीला मीही बरीचशी तुमच्यासारखीच बघत उभी असायचे. सांगते त्यात थोडं घरचं आहे आणि थोडं पाहुणीच्या नजरेचं.

नियम म्हणाल तर फार नाहीत. राखेच्या बुधवारी काळ सुरू होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेल्या झावळ्या लोक वर्षभर घरातल्या आल्तारामागे, म्हणजे देव्हाऱ्यामागे, खोचून ठेवतात. त्या परत गोळा करून जाळतात आणि तीच राख कपाळाला लागते. त्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलंत तर दिवस ४६ भरतात. मधले सहा रविवार उपासाचे नाहीत, ते वजा केले की ४०. कडक उपास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाच्यांना: एक पोटभर जेवण आणि दोन वेळा अगदी थोडं. शुक्रवारी मांस नाही, हे १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. मासे चालतात. चर्चचा कायदा इथे संपतो. पुढे ज्याने त्याने आपापलं काही सोडायचं आणि त्यातून वाचलेला पैसा गरजूंसाठी पेटीत टाकायचा.

आणि इथेच गोव्याची खरी परीक्षा आहे, कारण हे दिवस काजूचे. बोंडं पिकतात, भट्ट्या लागतात आणि पहिल्या धारेचा हुर्राक निघतो. फेणी वर्षभर मिळते, हुर्राक टिकत नाही. तो याच दोन-तीन महिन्यांत प्यायचा, लिंबू पिळून, उभी चिरलेली हिरवी मिरची टाकून. नेमका तेव्हाच कोरेज्म! माझे सासरे, त्यांना आम्ही पाय म्हणतो, राखेच्या बुधवारपासून थेंबाला शिवत नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा दर वर्षी तोच मुद्दा काढतो, की रविवार उपासात मोजत नाहीत, मग रविवारी एक पेला चालायला हवा. पायचं ठरलेलं उत्तर, ‘देवाक हिशोब दी, म्हाका नाका.’ तुमच्या शेजारच्या काकांनी कार्निव्हलला स्वतः ओतून दिलेला पेला आता त्यांना द्यायला जाऊ नका. घेतील हातात, पण मनात चरफडतील.

रात्री आठच्या सुमारास कधी या घरातून, कधी त्या घरातून गाणी ऐकू येतात, ती काय, हे तुम्ही विचारलंय. माझ्या मते सगळा कोरेज्म तिथेच आहे. लोकांना वाटतं हा माणसाचा आणि देवाचा खासगी मामला. असेलही. पण गोव्याच्या गावात मला तो दिसला वाड्याचं काम म्हणून. प्रत्येक वाड्याचा चर्चशी जोडलेला एक समुदाय असतो. कुठल्या शुक्रवारी कोणता वाडा प्रार्थना चालवणार, वाचन कोण करणार, खुर्स (क्रूस) कोण उचलणार, हे सगळं आधी वाटून घेतात. वाटताना भांडणंही होतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

क्रूसाची वाट म्हणजे येशूला शिक्षा सुनावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतचे १४ प्रसंग. चर्चच्या आत भिंतीवर त्यांची चित्रं असतातच, पण एखाद्या शुक्रवारी ही वाट वाड्यातून काढतात आणि मग एकेका फाटकाशी एकेक ठिकाण येतं. आमच्या फाटकाशी सहावं. संध्याकाळी स्टूल बाहेर काढायचं, इस्त्रीचा पांढरा कपडा घालायचा, मध्ये खुर्स, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. वारा असतोच, म्हणून मेणबत्तीला काचेचा पेला. पलीकडचं सातवं ठिकाण ज्या घरी असतं, त्या घराशी आमचा बांधावरून वाद आहे आणि मामलेदार कचेरीच्या तारखा चालू आहेत. त्या दिवशी त्यांची सून आमच्याकडे काडेपेटी मागायला येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी कुणाशी बोलत नाही.

आठनंतरचं गाणं बहुतेक तालमीचं असणार. कोरेज्मात इथे मोतेत गातात, म्हणजे लॅटिन शब्दांवर बांधलेल्या, एकाहून अधिक आवाजांच्या रचना. अशा कितीतरी रचना गोव्यातल्याच संगीतकारांनी केलेल्या आहेत. साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मिळाला तर राबेकांव, म्हणजे उभं धरून वाजवायचं व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य. पूर्वी प्रत्येक चर्चच्या शाळेत एक मेस्त असायचा, तो मुलांना सुरावली वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचा. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक होते, त्यांचं मूळ याच शाळांत. आता अडचण माणसांची आहे. तरुण मुलं कुणी बोटीवर, कुणी आखातात, कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला. बायकांचे आवाज भरपूर, खालच्या पट्टीत गायला दोन म्हातारे. त्यातल्या एकाला खोकला झाला की अख्खा वाडा आल्याचा काढा घेऊन धावतो.

हे मोतेत ऐकायचे असतील तर पासांवच्या मिरवणुकीला जा. गावागावाचा दिवस वेगळा असतो, शेजारी विचारा. खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची माणसाएवढी मूर्ती एका बाजूने येते, दुःखी मातेची दुसऱ्या बाजूने, आणि वाटेत दोघांची भेट होते. पुढे कोंफ्रारियाची, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळाची माणसं, पांढऱ्या ओपावर (झग्यावर) तांबडी मुर्सा (खांद्यांवरची आखूड केप) घातलेली. मग वेरोनिका, म्हणजे वाटेत येशूचा चेहरा पुसणारी बाई. गावातलीच एखादी मुलगी, काळ्या कपड्यात, उंच ठिकाणी चढून उभी राहते आणि हातातली गुंडाळी सावकाश उलगडते. कापडावर येशूचा रक्ताळलेला चेहरा. उलगडता उलगडता ती एकटीच लॅटिनमध्ये गाते. यिर्मयाच्या विलापगीतातले शब्द आहेत, की वाटेने जाणाऱ्यांनो, थांबा आणि पाहा, माझ्या दुःखासारखं दुःख कुठे आहे का. साथ नाही, माइकही नाही. आमच्याकडे ज्या वर्षी ती मुलगी मधल्या सुरावर अडखळली, त्या वर्षी गर्दीतल्या जुन्या वेरोनिका, आता पन्नाशीच्या बायका, ओठांतल्या ओठांत पुढची ओळ म्हणत होत्या.

मोठी यात्राच बघायची असेल तर गोवा वेल्ह्याचं संतांचं पुर्सांव, म्हणजे संतांची मिरवणूक. झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या सोमवारी सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांच्या मूर्ती खांद्यावरून निघतात. फ्रान्सिस्कन परंपरेतली ही जुनी चाल आहे. सोबत फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते, हातपंखे तिथूनच घ्यायचे. आणि हो, गोवा वेल्हा म्हणजे ओल्ड गोवा नव्हे! बांबोळीहून आगशीकडे येताना लागतं ते गाव. दर वर्षी कुणीतरी सेंट झेवियरच्या चर्चपाशी उभं राहून फोन करतं.

भाषा कळणार नाही म्हणून बिचकू नका. तुम्ही राहता त्याच तालुक्यात, राशोलच्या छापखान्यात, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, मराठीत, रोमी अक्षरांत. येशूच्या छळाची आणि मरणाची हकिगत साष्टीतल्या लोकांनी चारशे वर्षांपूर्वी ओवीत ऐकली आहे. रोमी अक्षरांतली गायनं मोठ्याने वाचून पाहा, अर्धी आपोआप कळतात.

आता गुड फ्रायडे. त्या दिवशी जगात कुठेच मिस्सा होत नाही. गुरुवारी रात्रीच वेदी उघडी करतात, कापडं काढून घेतात, घंटा बंद. घंटेच्या जागी मात्राका, लाकडी फळीवर हातोडा खडखडतो, आवाज कोरडा, कानाला न आवडणारा. आमच्याकडे सकाळी पेज आणि चेपणीचं तोर, म्हणजे मिठात दाबून मुरवलेली कोवळी कैरी. एरवी माशाशिवाय न जेवणारी माणसं त्या दिवशी तेवढ्यावर राहतात.

दुपारनंतर प्रार्थना, आणि मग येशूला क्रूसावरून उतरवण्याचा विधी. तुम्ही एकच काही बघणार असाल तर हे बघा. आमच्या गावच्या मूर्तीचे खांदे चामड्याने जोडलेले आहेत, हात हलतात. दोन शिड्या लावतात. आधी काट्यांचा मुकुट काढतात आणि खाली दुःखी मातेच्या मूर्तीला दाखवतात. मग उजव्या हाताचा खिळा, तो दाखवतात. मग डावा. खिळा निघाला की तो हात खाली लोंबकळतो आणि चर्चमधली हजार माणसं एकदम श्वास ओढून घेतात, दर वर्षी, माहीत असूनही. काखेखालून लांब पांढरा कपडा घालून मूर्ती हळूहळू खाली घेतात, तिरडीवर ठेवतात आणि अंत्ययात्रा निघते. शिडीवर चढणाऱ्यांत आमचा वायरमन असतो. त्याचे हात उंचीवर थरथरत नाहीत, म्हणून त्यालाच सांगतात.

तुम्ही जाऊ शकता का? खुशाल जा. चपला काढायच्या नसतात. कपडे साधे, अंग झाकलेले, भडक नकोत. मागच्या बाजूच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, गुडघ्यावर बसले तर तुम्ही नुसते बसून राहिलात तरी चालतं. फक्त ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकरी घ्यायच्या, रांगेत जाऊ नका, तो बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठीच. मृत येशूच्या पायांशी नमस्कार करायला मात्र कुणालाही मज्जाव नाही, हिंदू शेजारी दर वर्षी फुलं घेऊन येतात. मोबाइल खिशात ठेवा. अंत्ययात्रेचं चित्रीकरण करणारे गावचेच लोक असतात हे खरं, पण तुम्ही नवे आहात.

नुसतं बघण्यापेक्षा हातभार लावायचा असेल तर वाड्यातल्या समुदायाच्या माणसाला विचारा. आमच्याकडे मिरवणुकीच्या वेळी हमरस्त्यावरची वाहतूक अडवून धरणारे दोघेही हिंदू आहेत, आणि खांद्याला माणूस कमी पडला तर तेच धावतात. उलट बाजूनेही असंच चालतं. शिगमो (गोव्याचा शिमगा) बहुतेक दर वर्षी कोरेज्मातच येतो, कारण दोन्हींचा हिशोब चंद्रावर. आमच्या भागातली शिगम्याची मंडळी शुक्रवारी संध्याकाळी चर्चसमोरून जाताना ढोल-ताशे थांबवतात. कुणी लेखी ठरवलेलं नाही. तुम्ही घरी स्पीकर लावणार असाल तर गुड फ्रायडेचा दिवस तेवढा सोडा, बाकी दिवस कुणी काही म्हणणार नाही.

शनिवारी रात्रीच्या पास्काच्या जागरणाला पहिल्याच वर्षी मुलांना घेऊन जाऊ नका. अंधारात नवा अग्नी पेटवतात, मेणबत्त्या एकीवरून दुसरीवर लागत जातात, बघायला सुंदर असतं, पण पुढे वाचनं एकामागून एक चालतात आणि मुलं पेंगतात. शुक्रवारी दुपारी लवकर पोचा, बाहेर मंडपात खुर्च्या मांडलेल्या असतात, पण शिडी दिसायला हवी असेल तर आतच बसावं लागेल.